न विचारलेल्या प्रश्नांची किंमत

(युवक-युवतींच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणापुढे 'आरोग्य आणि विज्ञान' एवढंच छापलंय. फोनवर मात्र आयोजक म्हणाले, "सर, तुम्ही तो विषय घ्या." मी विचारलं, कोणता? तर म्हणाले, "तोच हो." मी त्यांना हसत नाही. तीस वर्षं मी एका सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम केलं. तिथेही केसपेपरवर सगळं लिहून झाल्यावर शेवटी बारीक अक्षरात 'सेक्शुअल प्रॉब्लेम' असं लिहिलेलं असायचं. पेशंट बिचारा तेवढ्यासाठीच आलेला असायचा.

तर आजचा विषय तोच आहे. माणसाचं लैंगिक वागणं, त्याबद्दल शास्त्रज्ञांनी काय शोधलं आणि त्याचा आपल्या सुखदुःखाशी काय संबंध. टेबलावर हा बिस्किटांचा रिकामा डबा ठेवलाय. ज्याला जे विचारायचं असेल ते चिठ्ठीवर लिहून यात टाका. नाव लिहू नका. डबा फिरत राहू दे.

आधी घरातली गोष्ट सांगतो.

माझा एक मामेभाऊ होता. आपण त्याला सलीम म्हणू. आम्ही इचलकरंजीचे. तो यंत्रमागावर कामाला होता, मी कॉलेजात. १९८३ साली त्याचं लग्न ठरलं, मंगनी झाली. मुलगी शेजारच्या गावची, दहावी पास, आमच्या अम्मीला फार आवडली होती. त्याच वर्षी आम्ही दोघे मिरजेच्या उरुसाला गेलो. तिथे एक तंबू होता. बाहेर बोर्ड होता, "बचपन की गलतियां". ते तीन शब्द तुम्ही रेल्वेतून जाताना भिंतींवर वाचले असतील. सलीम आत गेला, मी बाहेर थांबलो.

आतल्या माणसाने त्याला बाटलीत लघवी करायला सांगितली, बाटली कंदिलासमोर धरली आणि तळाशी जमलेला पांढरट गाळ दाखवला. "ही तुझी धात. चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब बनतो. तू सगळं घालवून बसलास. लग्न केलंस तर बायकोचं आयुष्य बरबाद होईल." चाळीस दिवसांचं औषध घेतलं तर बघू, म्हणाला. औषधाचे पैसे म्हणजे सलीमची दोन आठवड्यांची मजुरी. त्याने ते दिले, नंतर आणखी दोनदा दिले. वजन घटलं, छाती धडधडायला लागली, झोप गेली. आणि एक दिवस घरात त्याने सांगून टाकलं, मला हे लग्न करायचं नाही. कारण विचारलं तर नाही म्हणजे नाही.

लोक कारण शोधून काढतातच. दोन महिन्यांत दोन्ही गावांत एकच बोललं जायला लागलं, "मुलीतच काहीतरी खोट असणार." तिच्या वडिलांनी दोन वर्षं स्थळं बघितली. मग तिला एका बिजवराला दिलं, त्याला पहिलीपासून दोन मुलं होती. खरं कारण सलीमला माहीत होतं आणि मला माहीत होतं. मी अठरा वर्षांचा होतो. मी गप्प बसलो.

आता विज्ञानाकडे येऊ, कारण सलीमच्या आजाराला विज्ञानात नाव आहे. भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र नाथ विग यांनी १९६० साली त्याला 'धात सिंड्रोम' म्हटलं. अशक्तपणा, धडधड, निरुत्साह, आणि हे सगळं वीर्य गेल्यामुळे झालंय अशी पेशंटची पक्की खात्री. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीतही तो नोंदला गेला. लक्षात घ्या, त्रास खोटा नसतो. माणूस खरंच झिजतो. झिजवते ती भीती. अशा पेशंटांना तपासलं की कितीतरी जणांमध्ये नैराश्य आणि चिंतेचा आजार सापडतो. तो बरा होतो.

आणि तो गाळ? जेवणानंतर कधीकधी लघवीत फॉस्फेट नावाचे क्षार साचतात आणि ती गढूळ दिसते. त्यात थोडं व्हिनेगर टाकलं की बहुधा स्वच्छ होते. तंबूतल्या माणसाकडे व्हिनेगर नव्हतं असं समजू. वीर्याचं म्हणाल तर त्यातला मोठा भाग ग्रंथींतून येणारा द्रव असतो. एका वेळी साधारण दोन ते पाच मिलीलिटर, म्हणजे चहाचा चमचाभर किंवा त्याहून कमी. ते शरीर सतत बनवत राहतं. त्यासाठी रक्त आटवावं लागत नाही. झोपेत ते बाहेर येणं ही वयात आल्याची खूण आहे, रोगाची नव्हे.

आता कुणी म्हणेल, हे आपल्या अडाणी लोकांचं. अजिबात नाही. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमधल्या तिसो नावाच्या नामांकित डॉक्टरने हस्तमैथुनामुळे माणूस खंगतो, वेडा होतो असं पुस्तक लिहिलं आणि ते युरोपभर गाजलं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत जॉन हार्वे केलॉग, हो, कॉर्नफ्लेक्सशी ज्यांचं नाव जोडलंय तेच डॉक्टर, मुलांना या 'सवयी'पासून वाचवण्यासाठी जे उपाय सुचवत ते मी इथे सांगणार नाही, मुलं समोर बसलीत. म्हणजे आपल्याकडे तंबूत बसून जे सांगितलं जातं, ते तिकडे मोठमोठे डॉक्टर पदवीनिशी सांगत होते. मग तिकडची भीती ओसरली कशी?

इतरही कारणं आहेत, पण एक मोठं कारण म्हणजे कुणीतरी लोकांना जाऊन विचारलं. आल्फ्रेड किन्सी हे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ. गांधीलमाशीच्या जातीतला एक बारीक किडा हा त्यांचा विषय. १९३८ साली विद्यापीठात विवाहाविषयीचा एक वर्ग त्यांच्याकडे आला आणि विद्यार्थी प्रश्न विचारायला लागले. किन्सी पुस्तकं शोधायला गेले तर त्यांत उपदेश भरपूर, माहिती नाही. तेव्हा किडे मोजणाऱ्या या माणसाने माणसांना विचारून मोजायला सुरुवात केली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १८ हजार मुलाखती घेतल्या, त्यातल्या जवळपास ८ हजार एकट्या किन्सींनी. त्यांची विचारायची रीत बघा. "तुम्ही असं कधी केलंय का?" असं ते विचारत नसत, "पहिल्यांदा केलं तेव्हा वय काय होतं?" असं विचारत. समोरच्याला खोटं बोलायला कष्ट पडावेत आणि खरं सांगायला सोपं जावं. चेहऱ्यावर आश्चर्य नाही, नाराजी नाही. मी माझ्या नोकरीत हे एवढंच शिकलो असतो तरी पगार वसूल झाला असता.

१९४८ साली पुरुषांवरचं पुस्तक आलं. त्यात ९२ टक्के पुरुषांनी हस्तमैथुन केल्याचं सांगितलं होतं. विचार करा, ज्या गोष्टीमुळे माणूस वेडा होतो असं सांगितलं जात होतं, ती शंभरातले ९२ करत होते आणि कारखाने, शेती, विद्यापीठं सगळं चालू होतं. प्रत्येकाला वाटत होतं, मी एकटाच.

किन्सींच्या कामावर टीका झाली आणि ती योग्य होती. त्यांनी नमुना शास्त्रशुद्ध पद्धतीने निवडला नव्हता. जे स्वतःहून बोलायला तयार झाले त्यांच्यावर भर होता, तुरुंगातले कैदीही बरेच होते. १९५४ साली मोठ्या संख्याशास्त्रज्ञांनी हे सविस्तर दाखवून दिलं. विज्ञानाची मला आवडणारी गोष्ट हीच आहे. त्यात कुणी हजरत नाही, चूक दाखवली म्हणून कुणी कुफ्रचा फतवा काढत नाही, पुढचा माणूस अधिक चांगलं मोजतो. १९५३ साली स्त्रियांवरचं पुस्तक आलं तेव्हा मात्र अमेरिकेत आकाश कोसळलं. पुरुषांचं चालून गेलं होतं. बायकांनाही इच्छा असते हे आकड्यांत लिहिलेलं लोकांना सहन होईना. पुढच्याच वर्षी त्यांना मिळणारा मोठा निधी थांबला.

अजून ऐका. १९८९ साली ब्रिटनमध्ये एड्सच्या काळजीपोटी अशा पाहणीची तयारी झाली, तर थॅचर सरकारने पैसे द्यायला नकार दिला. शेवटी वेलकम ट्रस्टने पैसे दिले आणि जवळपास १९ हजार लोकांची पाहणी झाली. १९९४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरल जॉयसेलिन एल्डर्स हस्तमैथुनाविषयी शाळेत शिकवायला हरकत नसावी अशा अर्थाचं बोलल्या आणि त्यांना पद सोडावं लागलं. तेव्हा शरम ही काही फक्त आपल्या मोहल्ल्याची मिरासदारी नाही.

ब्रिटनच्या त्या पाहणीची तिसरी फेरी २०१० ते २०१२ या काळात झाली, १५ हजारांहून जास्त लोक. त्यातले दोन आकडे लग्न ठरलेल्यांनी लिहून घ्या. सोळा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना चार आठवड्यांत किती वेळा संबंध आला असं विचारलं, तर मधला आकडा निघाला तीन. चार आठवड्यांत तीन. मोबाईलवर जे बघून तुम्ही स्वतःला नापास करता, त्याच्याशी ताडून बघा. दुसरं असं की, वर्षभरात काही ना काही लैंगिक अडचण तीन महिने किंवा जास्त टिकली असं सांगणारे पुरुष सुमारे ४२ टक्के आणि स्त्रिया सुमारे ५१ टक्के होत्या. पण त्यामुळे आपण दुःखी, चिंतेत आहोत असं म्हणणारे साधारण दहातला एक. म्हणजे अडचण येणं आणि आयुष्य बिघडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मधे असतं ते बोलणं. नवरा-बायको एकमेकांशी बोलतात की नाही, हे.

आपल्याकडे कुणी विचारलंच नाही असं मात्र समजू नका. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, ज्या वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सने काढलं त्याच वर्षी. १९२७ पासून मरेपर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. लोक त्यांना पत्रं लिहीत, ते छापील उत्तरं देत. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो अशाच उत्तरांवरून. वाचकांचे प्रश्न होते हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारत असतील तर उत्तर का द्यायचं नाही, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. तंबूतल्या आमच्या त्या माणसाला मात्र कधी कुणी दंड केल्याचं मी ऐकलं नाही. अशा औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा १९५४ पासून या देशात आहे, आणि भिंती तुमच्यासमोर आहेत.

(या ठिकाणी सभागृहातून एका ज्येष्ठ श्रोत्याने "हे सगळं जाहीरपणे बोलायची गरज आहे का, हया नावाची गोष्ट आहे की नाही," असा प्रश्न केला.)

चाचा, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. तुमचा राग मला समजतो. पण हया वेगळी आणि अज्ञान वेगळं. इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी विवाहाच्या शिष्टाचाराबद्दल लिहिताना, आपली गरज भागली म्हणून पुरुषाने लगेच उठू नये, बायकोचंही समाधान होऊ द्यावं, असं लिहून ठेवलंय. गर्भ राहू नये म्हणून 'अझल' करणं त्यांनी जायज ठरवलं. इब्ने सिनांच्या वैद्यकग्रंथात या विषयावर पानं आहेत. आपल्या मदरशांत गुस्ल कधी वाजिब होतो ते बारा-तेरा वर्षांच्या पोरांना शिकवतात, ते कशाबद्दल असतं? म्हणजे शब्द आपल्याकडे आहेत. पोरगं घाबरतं तेव्हाच आपली जीभ टाळ्याला चिकटते.

आणि चाचा, शरमेची किंमत बहुतेक वेळा बाईच देते. आपल्याच महाराष्ट्रातलं सांगतो. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, १९८९ च्या जानेवारीत ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, एकेकीला सरासरी तीनाहून जास्त. पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. हा ९२ आणि किन्सींचा ९२, योगायोग आहे, पण मला तो विसरता येत नाही. तिथे पुरुष ज्याला रोग समजत होते तो रोग नव्हता. इथे बायकांना खरा रोग होता आणि त्या त्याला नशीब समजत होत्या. तोवर जगभर गावातल्या बाईच्या आरोग्याबद्दल बोलायचं म्हणजे बाळंतपण आणि ऑपरेशन, एवढंच धरलं जायचं.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला. अंगावरून पांढरं जातं अशी तक्रार इतक्या बायका का करतात? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट निघालं, नैराश्य आणि नवऱ्याकडून होणारा छळ त्यात आले. आमच्या बाह्यरुग्ण विभागात मी हे रोज बघत होतो, फक्त मला ते मोजता येत नव्हतं. बाई पांढरं जाण्याबद्दल बोलते, कारण "मला रात्री नको असतं आणि तो ऐकत नाही" हे बोलायला तिच्याकडे जागाच नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, ८२ टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितलं की इच्छा नसेल तर आपण नवऱ्याला नाही म्हणू शकतो. हा आकडा ऐकून इथे काही भावांनी समाधानाने माना हलवल्या. मी उरलेल्या अठरांचा विचार करतो. शंभर घरांची आपली एक गल्ली धरा, त्यातली अठरा घरं.

जाता जाता एक. याच पाहणीवाले घरोघर जाऊन मुलं किती, कोणती साधनं वापरता असले खासगी प्रश्न विचारतात आणि आपल्या मोहल्ल्यात काहीजण दार लावून घेतात. लावू नका. मुसलमान स्त्रीमागे सरासरी मुलांचा आकडा १९९२-९३ मध्ये ४.४ होता, तो २०१९-२१ मध्ये २.४ वर आला, हे आपल्याबद्दल वाट्टेल ते बोलणाऱ्यांना सांगता येतं ते कुणीतरी दार उघडून खरं उत्तर दिलं म्हणून.

सलीमचं राहिलं.

मला नोकरी लागली, कामात मुरलो, आणि १९९५ साली एका ईदला तो घरी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, उद्या माझ्याबरोबर चल. तो चौतीस वर्षांचा झाला होता, अजून अविवाहित, अजून कुठलं ना कुठलं चूर्ण चालू. आमच्या डॉक्टरांनी त्याला वीस मिनिटं दिली. कागदावर चित्र काढून दाखवलं, ते गढूळ लघवीचं समजावलं, तू सोडून इतर किती जण हे करतात ते सांगितलं. नैराश्याच्या गोळ्या दिल्या, काही महिन्यांनी त्या बंदही झाल्या. वीस मिनिटं, आणि सरकारी केसपेपरचे किरकोळ पैसे.

डॉक्टर बोलत होते तेव्हा तो त्या चित्राकडे बघत बसला होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने डॉक्टरांना काही विचारलं नाही. माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मग तिचं काय?"

पुढे त्याचं लग्न झालं, मुलं झाली, मोठा मुलगा आज त्याच गावात दुकान चालवतो. तिला मी दोन वर्षांपूर्वी एका लग्नात बघितलं. नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. मी जवळ गेलो, सलाम केला, तब्येत विचारली. त्या मंगनीचं कारण आजही तिला माहीत नाही. सांगायचं ठरवून गेलो होतो, तिच्या सुना आजूबाजूला होत्या, आणि मी परत आलो. तुम्हाला इथे उभा राहून बोला बोला म्हणणारा माणूस असा आहे, हे तुम्हाला माहीत असावं.

डबा कुठे पोहोचला? द्या इकडे. जड झालाय, चांगलं आहे. चाचा, तुम्हीही एक टाकलीत असं मला दिसलं, पण मी नाव विचारणार नाही. पहिली चिठ्ठी घेतो. बहुतेक मुलीची आहे, 'घाबरते' असं लिहिलंय. वाचतो.